अ‍ॅपला चूल दिसत नाही

भोर-वेल्ह्याकडे निघालं की आमच्यातले ग्लुटेन टाळणारे आधी मोबाइलवर 'ग्लुटेन-फ्री' हॉटेल शोधतात. नाही सापडलं की पिशवीत महागडी बिस्किटं! अहो, हा भाताचा नि नाचणीचा मुलूख. तांदूळ, नाचणी, वरी यांत ग्लुटेन नसतंच मुळी. पण अ‍ॅपला पाटी दिसते, चूल नाही.

आणि पाटीवर तरी भरवसा कसला? सीलिअ‍ॅक असलेल्याला गव्हाचं चिमूटभर पीठही बाधतं. गिरणीत गव्हावर दळलेली नाचणी, पोळीच्या तव्यावरची भाकरी, आमटीत पीठ मिसळलेला डबीतला हिंग, यातलं एकही पुरे. म्हणून थेट मालकिणीलाच विचारा, "मावशी, दळण कशावर? तवा वेगळा का? हिंग कुठला?" हे तीन प्रश्न कुठलंही अ‍ॅप तुमच्या वतीने विचारणार नाही.