हप्ता बिलात, पण मोजमापानंतर



छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. त्याच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक बसवलेले असतात, त्यामुळे तिथे चुंबकत्व निर्माण करण्यासाठी वीज खर्चावी लागत नाही. मग सगळेच असा पंखा का घेत नाहीत? कारण किंमत आज एकदम मोजावी लागते आणि बचत मात्र महिन्यामहिन्याने, थोडीथोडी हाती येते. ज्याच्या गाठीला पैसे नाहीत, तो जुनाच पंखा चालवतो आणि जास्त बिल भरत राहतो.

यावर एक उपाय आहे. वस्तूचे पैसे आधी वीजकंपनीने किंवा एखाद्या संस्थेने घालावेत आणि ग्राहकाने ते बिलातून हप्त्याने फेडावेत. आपल्याकडे २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेत एलईडी दिवे अनेक ठिकाणी असेच मिळाले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात मिडवेस्ट एनर्जी या सहकारी वीजसंस्थेने २००७ साली घरे आणि लहान दुकाने यांच्यासाठी अशी योजना काढली. तिथे हप्ता माणसावर नसून जागेच्या मीटरवर असतो. भाडेकरू घर सोडून गेला, तर पुढे येणारा तो भरतो, कारण बचतही त्यालाच मिळते.

ही पद्धत आपल्याकडे वाढावी असे मला वाटते. पण हप्ता सरसकट नसावा. का, ते गणित करूनच पाहा.

समजा, विजेचा दर युनिटला ८ रुपये आणि पंख्याचा हप्ता महिना १०० रुपये आहे. पंखा रोज १२ तास फिरत असेल, तर ४५ वॅटच्या फरकाने महिन्याला सुमारे १६ युनिट, म्हणजे जवळजवळ १३० रुपये वाचतात. हप्ता देऊन ३० रुपये उरतात. तोच पंखा रोज ३ तासच फिरला, तर वाचतात फक्त ३२ रुपये! म्हणजे बिल ६८ रुपयांनी वाढले. शिवाय कमी वीज वापरणाऱ्याला दरही कमी असतो, म्हणून त्याची बचत आणखी घटते. आणि बिल थकले की वीज तोडली जाते. मदत म्हणून दिलेला पंखा गरिबाच्या घरात अंधार करील, हे कसे चालेल?

म्हणून आधी वापर मोजावा आणि हप्ता नेहमी बचतीपेक्षा कमी ठेवावा. जिथे हे जमत नाही, तिथे हप्त्याची मुदत वाढवावी किंवा अनुदान द्यावे.

हे मोजमाप तुम्हीही करू शकता. आठवडाभर घरातला प्रत्येक पंखा किती तास चालतो, ते वहीत लिहा. शेजारच्या शिंपीकाकांच्या दुकानातलेही लिहा. बिलावरचा दर पाहून बचत काढा. हप्ता परवडेल की नाही, हे त्यांना तुम्हीच सांगू शकाल.