वडापाव सोडा म्हणे!

आर्थिक शिस्तीवरचं कुठलंही रील उघडा. पंचविशीतला कुणीतरी बोट रोखून सांगत असतो : बाहेरचा चहा बंद करा, रोजचा खर्च अ‍ॅपमध्ये लिहा, चाळिशीत कोट्यधीश व्हा. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे आकडा दिसला की तपासल्याशिवाय चैन पडत नाही. खोपोलीहून ऐरोलीच्या ऑफिसला जाताना कर्जत स्टेशनवर मी वडापाव आणि चहा घेतो. ३० रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाला ९,००० रुपये.

आता दुसरा आकडा. आमच्या कर्जत-खालापुरात लग्नापेक्षा हळद मोठी. डीजे, मटण, मंडप, हजारभर माणसं. त्यासाठी ८ लाखांचं पर्सनल लोन काढलं, ११ टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी, तर महिन्याचा हप्ता साधारण १७,४०० रुपये. फेडून होईपर्यंत १० लाख ४४ हजार जातात. वडापाव सोडून एवढे पैसे वाचवायला ११६ वर्षं लागतील.

तरी रीलवाला हळदीबद्दल चकार शब्द काढत नाही. कारण वडापाव तुम्ही एकटे सोडू शकता. हळद सोडायची तर काका, आत्या, भावकी, गाव, सगळ्यांशी वैर. शिवाय खर्च लिहायच्या अ‍ॅपमध्येच खाली ‘५ मिनिटांत कर्ज’ची जाहिरात असते. त्या कर्जाला आमच्या तालुक्यात जुना शब्द आहे : उचल.

कातकरी वाड्यांवर पावसाळ्यात काम नसतं, धान्य संपलेलं असतं. तेव्हा वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम येतो आणि नवराबायकोच्या जोडीला उचल देतो. दिवाळी झाली की जोडी पोरांसकट भट्टीवर. आठवड्याला खर्ची मिळते, तीही उचलीत धरली जाते. विटांचा हिशोब हजारावर, आणि वही मालकाकडे. पाऊस यायच्या वेळेला हिशोब होतो. फिटलं नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. उचलीच्या बदल्यात माणूस बांधून ठेवणं १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. पण वहीतली बाकी कायदा वाचत नाही.

यावर आमच्या घरांमधून ऐकू येणारं वाक्य ठरलेलं : ‘त्यांच्या हातात पैसा टिकतच नाही.’ हे म्हणणारा माणूस त्याच आठवड्यात पोराच्या हळदीसाठी बँकेत सह्या करून आलेला असतो. माझ्या टीममधला एक मित्र दोन वर्षं नोकरी सोडायची म्हणतोय. मॅनेजर रात्री ११ला फोन करतो, हा उचलतो. हप्ता आहे ना. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. मित्र एसीत बसतो, त्याचं पोर शाळेत जातं, आणि त्याची उचल भुकेपोटी घेतलेली नाही. म्हणूनच तर त्याला कमी माफी मिळायला हवी.

‘पैसा टिकत नाही’ला उत्तरही याच तालुक्यात मिळालेलं आहे. कर्जतजवळ कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी वाड्यांमध्ये धान्य बँका उभ्या केल्या. कल्पना साधी. भात निघालं की प्रत्येक घराने थोडं सामाईक साठ्यात टाकायचं, पावसाळ्यात लागेल तेवढं उसनं न्यायचं, पुढच्या सुगीला थोडं वाढवून परत करायचं. वाढ सावकाराच्या घरात न जाता वाडीच्याच साठ्यात पडते. माणसं तीच, शेत तेच, कमाईही तीच. बदललं एवढंच, की आषाढात हात कुणापुढे पसरायचा. त्यांना शिस्तीचं व्याख्यान नको होतं, चार महिन्यांचं धान्य हवं होतं.

आपल्यालाही आधी तेच हवंय. निवृत्तीचा कोटीचा आकडा, नेरळला सेकंड होम, हे नंतरचं. पहिलं ध्येय सहा महिन्यांचा घरखर्च, सहज हात लागणार नाही अशा वेगळ्या खात्यात. हेतू एकच : रात्री ११चा फोन न उचलण्याची ऐपत. आणि ते पैसे चहातून निघत नाहीत. ते निघतात वर्षा-दोन वर्षांतून एकदा, घरातल्या बैठकीत, जिथे गाडी, हॉल आणि हळद ठरते. तिथे तोंड उघडायचं नाही आणि टपरीवर काटकसर करायची, याला मी शिस्त म्हणत नाही, भित्रेपणा म्हणतो. पगाराचे ५०-३०-२० असे भाग पाडणाऱ्या त्या प्रसिद्ध सूत्रात भावकीचा रकाना कुठे आहे, मला अजून सापडलेला नाही.

येत्या मार्गशीर्षात माझं लग्न आहे. कर्ज काढणार नाही, डीजे नाही, जेवायला दीडशे माणसं, असं घरी सांगून टाकलंय. होणाऱ्या बायकोने तिच्या घरी तेच सांगितलंय, आणि तिच्या घरचा विरोध माझ्यापेक्षा जड आहे. आईने आकडेमोड पाहिली आणि कागद घडी करून कपाटात ठेवला. काका तेव्हापासून बोलत नाहीत. मंडपवाला मात्र रोज फोन करतो.