पडद्यावरील खेळ : माझीं कांहीं स्पष्ट मतें

‘खेळ’ हा शब्द वडील मंडळींच्या तोंडीं येतो तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें हुतुतू, आट्यापाट्या, विटीदांडू उभे राहतात आणि मुद्रा प्रसन्न होते. ‘मोबाईल’ हा शब्द निघाला कीं त्याच कपाळावर आठ्या पडतात. उलट आम्हां विद्यार्थ्यांस विचारावें, तर पडद्यावरचा प्रत्येक खेळ आम्हांस सारखाच गोड. माझ्या मतें दोन्ही पक्षांची एकच गल्लत होते. ग्रंथालयांतील सर्व पुस्तकें जशीं एका मोलाचीं नसतात, तसे हे खेळहि एका मोलाचे नसतात. यांपैकीं पुष्कळ खेळ मी खेळलों आहें व अजूनहि खेळतों. म्हणून त्यांविषयीं माझें जें मत झालें आहे तें येथें मोकळेपणानें मांडतों. तें सर्वांस पटावें असा आग्रह नाहीं.

खेळाची परीक्षा करण्याची माझी कसोटी एकच आहे : हा खेळ मला उठूं देतो काय? डाव संपला म्हणजे चांगला खेळ आपणांस निरोप देतो. वाईट खेळ दारांत आडवा उभा राहतो.

ही कसोटी आमच्या भागाच्या राहणींतून आलेली आहे. आमचें कपिलधार बीड तालुक्यांत मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरांत वसलेलें आहे. मन्मथस्वामींची समाधि आणि पावसाळ्यांत कड्यावरून कोसळणारी धार यांकरितां तें सर्वांस ठाऊक आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस दूरदूरच्या दिंड्या येथें येतात. पण त्याच सुमारास जिल्ह्यांतील कितीएक कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या वाटेस लागलेलीं असतात. पुष्कळ घरीं मुलें आजीआजोबांजवळ मागें राहतात, आणि घरांत मोबाईल काय तो एकच. रात्रीं आईचा फोन त्यावरच यावयाचा. बॅटरी संपलेली असली, किंवा ‘एवढा डाव होऊं दे’ म्हणून मुलगा येणारा फोन बंद करीत राहिला, तर दिवसभर कोयता चालवून थकलेली आई तिकडे पाचटाच्या कोपीच्या दारांत वाट पाहत बसते. तेव्हां खेळ उठूं देतो कीं नाहीं, हा प्रश्न आमच्याकडे परीक्षेंतील गुणांपुरता राहत नाहीं.

आतां एकेका खेळाकडे वळूं. ‘टेट्रिस’ हा खेळ अलेक्सी पाजित्नोव या रशियन संगणकतज्ज्ञानें १९८४-८५ च्या सुमारास मॉस्को येथें रचला. वरून पडणारे तुकडे फिरवून ओळ भरावयाची. ओळ भरली कीं ती नाहींशी होते. इतकेंच त्याचें शास्त्र. डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंतील एका १३ वर्षांच्या मुलानें त्याच्या जुन्या निन्टेन्डो यंत्रावरील आवृत्तींत इतकी मजल मारली कीं अखेर यंत्रच थांबलें! हा खेळ खेळाडूची खुशामत करीत नाहीं. एक तुकडा वेडावांकडा बसला कीं त्यावर दुसरा साचतो, आणि पाहतां पाहतां पुढच्या तुकड्यास जागा उरत नाहीं. ज्यांचा गृहपाठ आठवडाभर तुंबतो त्यांस हें चित्र ओळखीचें वाटेल.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) आणि ‘काँट्रा’ (१९८७) हे खेळ आमच्या काकामामांच्या पिढीनें टीव्हीला यंत्र जोडून, त्यांत कॅसेट घालून खेळले. मारिओ मला फार आवडतो; कारण उडी चुकली तर दोष माझ्या बोटाचा, खेळाचा नाहीं, हें तो प्रामाणिकपणें दाखवितो. काँट्रांत गोळीबाराखेरीज विशेष कांहीं नाहीं. तरी तो दोघांनीं शेजारीं बसून खेळावयाचा असतो, आणि त्यांतील धबधब्याच्या टप्प्यांत एकानें घाईनें वर चढावें, तर मागें राहिलेला सोबती पडद्याखालीं जाऊन मरतो. सोबत्याची वाट पाहिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, एवढा एक गुण मी त्या खेळाच्या पदरांत घालतों.

‘माइनक्राफ्ट’ (२०११) हा स्वीडन देशांत तयार झालेला खेळ मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो. ठोकळे खणावे, ठोकळे रचावे, आणि मनांतील गांव उभें करावें. मीं त्यांत आमचें कपिलधार बांधून पाहिलें : डोंगर, समाधिमंदिर आणि कडा. कड्याच्या माथ्यावर पाण्याचा एकच ठोकळा ठेवला, तों जी धार सुरू झाली ती कधीं आटेचना! खऱ्या कपिलधारेस हें भाग्य नाहीं. पाऊस आला तर धार. पावसानें पाठ फिरविली तर कोरडा कडा. पाण्याला मोल नसलेलें हें जग बीड जिल्ह्यांतील मुलास खरें वाटूं नये, एवढा दोष मी या खेळास देतों. पण हातचें काम जसेंच्या तसें ठेवून उठतां येतें, आणि आठ दिवसांनीं परतलों तरी तें जागच्या जागीं असतें. या गुणाकरितां त्यास मी पहिला क्रमांक देतों.

आतां ज्याच्या नांवानें घरोघर भांडणें झालीं त्या ‘पबजी’विषयीं. हा खेळ २०१८ सालीं मोबाईलवर आला. भारत सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं त्यावर बंदी घातली. पुढें २०२१ मध्यें तो ‘बीजीएमआय’ या नव्या नांवानें आला, २०२२ मध्यें पुन्हां बंद झाला, आणि २०२३ मध्यें परतला. १०० खेळाडू एका बेटावर उतरतात, आणि शेवटीं जो उरतो तो जिंकतो. त्यांतील नकाशा सुंदर आहे, आवाजावरून दिशा ओळखावी लागते, चौघांनीं एकविचारानें चालावें लागतें. हें सर्व मी आनंदानें कबूल करतों. बंदुका पाहून मुलें क्रूर होतात हें मत मला पटत नाहीं. तसें असतें तर रामायणांतील युद्ध ऐकूनहि झालीं असतीं. खरा दोष निराळाच आहे. हा डाव अर्धा तास चालतो आणि मध्येंच उठतां येत नाहीं. उठलों तर तिघां सोबत्यांचा घात होतो. म्हणजे जो मित्रधर्म हा खेळ शिकवितो, तोच मुलास जखडून ठेवतो, आणि आईचा फोन वाजत राहतो.

‘फ्री फायर’बद्दल मला तितकाहि आदर नाहीं. तो खेळ २०२२ च्या फेब्रुवारींत आपल्या देशांत बंद झाला. पण त्याचीच ‘मॅक्स’ ही आवृत्ति पुढेंहि खेळली गेली. त्यांत डाव लहान असतात, हें बरें. परंतु पोशाख आणि बंदुकांचे रंग यांकरितां ‘डायमंड’ विकत घ्यावे लागतात, आणि ज्याच्याजवळ ते नाहींत त्यास सोबती हिणवितात. गरिबाच्या मुलास खेळांतहि गरीबच ठेवणारा खेळ कोणत्या कामाचा?

‘कँडी क्रश’ (२०१२) दिसावयास फार सोज्वळ आहे, म्हणून आमच्या मावश्या आणि आत्या त्यास दोष देत नाहींत. माझें मत याविरुद्ध आहे. हा खेळ पांच जीव देतो. ते संपले कीं प्रत्येक नव्या जिवासाठीं अर्धा तास थांबा, नाहीं तर पैसे द्या. हें उठूं देणें म्हणावें, तर अर्ध्या तासानें परत बोलावण्याची ही युक्ति आहे! पैसे लावून खेळावयाच्या रमीसारख्या खेळांविषयीं तर बोलावयासच नको. तो जुगार होय. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें त्याविरुद्ध कायदा केला, हें उत्तम झालें.

शेवटीं आपल्या महाराष्ट्रांतील दोन खेळ. ‘राजी’ हा खेळ पुण्याच्या मंडळींनीं २०२० मध्यें जगापुढें ठेवला. सर्कशींतील एक मुलगी राक्षसांनीं पळविलेल्या आपल्या भावास शोधीत निघते, अशी त्याची कथा आहे. लढाया पुढें पुढें सारख्या वाटतात, आणि शेवट अर्धवट सोडल्यासारखा आहे. पण त्यास शेवट आहे, हेंच मला मोलाचें वाटतें. दुसरा ‘लुडो किंग’. आपली पचिशी साहेबाच्या देशीं जाऊन १८९६ सालीं ‘लुडो’ या नांवानें नोंदली गेली, आणि २०१६ मध्यें नव्या मुंबईंतील एका कंपनीनें तिला मोबाईलवर आणलें. बुद्धीस त्यांत काम थोडें, फांशाचा कारभार फार. तरीहि ऊसाच्या फडावरील बाप आणि कपिलधारेची पोर एकाच पटावर सोंगट्या चालवूं शकतात, हें दुसऱ्या कोणत्या खेळानें साधेल?

पालकांस माझी नम्र विनंति अशी कीं, मोबाईल हिसकावण्यापूर्वीं एकदां मुलाशेजारीं बसून डाव पाहावा, आणि ‘हा संपतो केव्हां?’ एवढेंच विचारावें. उत्तर देतां आलें नाहीं, तर तो खेळ घरांतून काढावा. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि आपल्या रोगांच्या यादींत खेळाच्या व्यसनास स्थान दिलें आहे. पण तेथेंहि लक्षणें साधारण १२ महिने दिसावीं अशी अट आहे. तेव्हां दोन डाव खेळणाऱ्या मुलास कोणी रोगी ठरवूं नये.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें कीं, संध्याकाळीं फोन यावयाच्या वेळीं चौघांचा डाव मांडूं नका. सोबत्यांस आधींच सांगून ठेवा कीं, नऊ वाजतां माझी आई बोलते. जो खरा सोबती असेल तो ऐकेल. कारण पुष्कळदां त्याचीहि आई फडावरच असते.