मागच्या बाकावरचा प्रश्न

लोकसभेच्या कामकाजपत्रिकेत रोज वीस तारांकित प्रश्न छापले जातात. तासाभरात त्यांतले जेमतेम पाच-सहा तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. उरलेल्यांची उत्तरे सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. याखेरीज दोनशे तीस अतारांकित प्रश्न असतात, त्यांना केवळ लेखी उत्तर. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, अग्रक्रम सोडतीने ठरतो आणि एका सदस्याचा दिवसाला एकच तारांकित प्रश्न लागू शकतो. हा तपशील रुक्ष वाटेल. परंतु गावाला दुभंगणारे रेल्वे फाटक, कागदपत्रांअभावी अडलेले भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतन, भूसंपादन होऊनही मोबदल्याविना रखडलेला महामार्ग, अशा विषयांवरच्या दिल्लीतील फायलीवरची धूळ झटकली जाते ती बहुधा या छापील कागदामुळेच.

प्रश्न स्वीकारला गेला की तो संबंधित मंत्रालयाकडे जातो, तेथून विभागीय कार्यालयाकडे माहिती मागवली जाते. ज्या अर्जाकडे एखाद्या अधिकाऱ्याने वर्षभर ढुंकूनही पाहिलेले नसते, त्याची तारीखवार हकीकत त्याला चार दिवसांत लिहून पाठवावी लागते. कारण उत्तराखाली मंत्र्याचे नाव असते आणि सभागृहाची दिशाभूल केली तर जाब मंत्र्याला द्यावा लागतो. पहिल्या रांगेतल्या नेत्याला या वाटेने जावे लागत नाही. त्याचा एक दूरध्वनी पुरतो. ही वाट आहे ती मागच्या बाकावरच्या सदस्याची, ज्याला मंत्री नावाने ओळखतीलच असे नाही.

या सदस्याचे स्वातंत्र्य किती, हेही पाहिले पाहिजे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याचे मत पक्षाच्या स्वाधीन केले. पक्षादेश मोडला की सदस्यत्वावर गंडांतर येते. त्या काळात चाललेला घाऊक पक्षबदलांचा बाजार पाहता तो कायदा आवश्यक होता, याविषयी दुमत नाही. पण त्यामुळे विधेयकावरच्या मतदानात मागच्या बाकाला स्वतःचा आवाज जवळजवळ उरला नाही. मोठ्या चर्चेत बोलायचे तर पक्षाच्या वाट्याला आलेल्या वेळातून दोन मिनिटे मिळाली तर मिळाली. प्रश्नाला मात्र पक्षादेश नसतो. नियम ३७७ खालील निवेदनाला नसतो, शून्य प्रहरातल्या सूचनेलाही नसतो. पक्षाची शिस्त पूर्णपणे पाळूनही आपल्या मतदाराचे गाऱ्हाणे मांडता यावे, अशी एवढीच जागा सामान्य सदस्यापाशी राहिली आहे.

या जागेचे मोल महाराष्ट्रात कोणी ओळखले असेल, तर ते रामभाऊ म्हाळगी यांनी. १९५७ साली मावळमधून ते जनसंघाचे आमदार म्हणून विधानसभेत गेले. १९६२ मध्ये पराभव झाला, पण पुढे पुण्यातून ते पुन्हा निवडून आले. आणीबाणीत त्यांनी कारावास भोगला आणि १९७७ मध्ये ठाण्यातून लोकसभा गाठली. पक्ष लहान, संख्याबळ नगण्य, वृत्तपत्रांचे लक्ष बेताचे. तरीही रामभाऊंनी विधिमंडळाचे प्रत्येक आयुध घासूनपुसून वापरले. वर्षभरात काय केले याचा अहवाल छापून तो मतदारांपुढे ठेवण्याचा परिपाठ त्यांनी पाडला. त्या काळी असा हिशेब द्यावा अशी कोणाची मागणी नव्हती आणि तो दिला म्हणून मते वाढतील अशी खात्रीही नव्हती. ज्याने निवडून दिले त्याला हिशेब द्यायचा, इतका साधा विचार त्यामागे होता. स्वयंसेवकाला तो समजावून सांगावा लागत नाही.

रामभाऊंच्या संसदीय जीवनातील एका भागाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९७७ ते १९७९ या काळात ते विरोधी बाकांवर नव्हते. सरकार जनता पक्षाचे होते आणि ज्यांच्यासोबत आयुष्य घालवले ते अटलजी व अडवाणीजी त्यात मंत्री होते. मित्रांना अडचणीत कशाला आणावे, असे म्हणून रामभाऊंनी लेखणी खाली ठेवली असती तर ते कोणाला खटकले नसते. सहाव्या लोकसभेच्या कामकाजाचे खंड उघडले तर प्रश्नकर्त्यांच्या यादीत ‘श्री. आर. के. म्हाळगी’ हे नाव पुन्हापुन्हा भेटते. सरकार आपले म्हणून मतदाराचे प्रश्न संपत नाहीत, हे त्यांनी कोणताही गाजावाजा न करता दाखवून दिले. ६ मार्च १९८२ रोजी ते गेले, तेव्हाही ते ठाण्याचे खासदारच होते.

हीच परंपरा राम नाईक यांनी पुढे चालवली. १९६४ साली गोरेगाव प्रवासी संघ उभारून उपनगरी गाडीच्या प्रवाशांची दुखणी समजून घेणारा हा कार्यकर्ता तीन वेळा बोरिवलीचा आमदार आणि १९८९ पासून सलग पाच वेळा उत्तर मुंबईचा खासदार झाला. मातेच्या दुधाला पर्याय म्हणून खपवल्या जाणाऱ्या डबाबंद भुकटीच्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडले. पुढे सरकारनेच विधेयक आणले आणि १९९२ मध्ये त्याचा कायदा झाला. स्वातंत्र्यापासून आजवर संसदेने संमत केलेल्या खासगी विधेयकांची संख्या अवघी चौदा आहे आणि त्यांतले शेवटचे १९७० चे. हे ध्यानात घेतले म्हणजे सरकारला स्वतःहून कायदा करायला लावण्यातले यश कळते. संसदेत अधिवेशनाच्या प्रारंभी ‘जन गण मन’ आणि अखेरीस ‘वंदे मातरम्’ गाण्याचा प्रघात १९९२ च्या हिवाळी अधिवेशनापासून पडला, त्यामागेही त्यांनीच धसास लावलेला विषय होता. सरकार तेव्हा काँग्रेसचे होते.

सत्ताधारी बाकांवरून विचारलेल्या प्रश्नाची ताकद पाहायची तर उदाहरण काँग्रेसचेच घ्यावे लागते. फिरोज गांधी रायबरेलीचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या घरातली रक्कम गुंतवली होती. त्यासंबंधीच्या प्रश्नांना अर्थमंत्रालयाने आधी मोघम उत्तरे दिली. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी स्वपक्षाच्या सरकारला सभागृहात उभे केले. न्यायमूर्ती छागला यांची चौकशी नेमली गेली, ती मुंबईत उघडपणे चालली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. नेहरूंचे सरकार त्यामुळे पडले नाही. पुढची निवडणूकही काँग्रेसने जिंकली. काँग्रेसमध्ये नंतर या प्रकारचे सदस्य का निपजले नाहीत, याचे उत्तर त्या पक्षाने शोधावे. ते त्याला घरातच सापडेल.

मात्र दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवताना स्वतःच्या अंगणाकडे पाहणे भाग आहे. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारण्याचे प्रकरण छुप्या चित्रणातून बाहेर आले आणि अकरा सदस्यांची संसदेतून हकालपट्टी झाली. त्यांतले सहा भारतीय जनता पक्षाचे होते, आणि त्या सहांत दोघे महाराष्ट्राचे. कारवाईच्या पद्धतीवर त्या वेळी आक्षेप घेतले गेले. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हकालपट्टी वैध ठरवली. ज्या महाराष्ट्राने रामभाऊ दिले, त्याच महाराष्ट्रातून ही दोन नावे यावीत, यापरती लाजिरवाणी गोष्ट कोणती? रक्कम किती होती हा मुद्दाच नाही. मतदाराच्या गाऱ्हाण्यासाठी राखलेली जागा भाड्याने दिली गेली, हे दुखणे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तृणमूल काँग्रेसच्या एका सदस्येला प्रश्न नोंदवण्याच्या संकेतस्थळाचा परवलीचा शब्द परक्याच्या हाती दिल्याच्या ठपक्यावरून लोकसभेने काढून टाकले. लाच घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला. परवलीचा शब्द दिल्याचे मात्र नाकारले नाही. त्या कारवाईचे समर्थन करणाऱ्यांनी २००५ ची आठवणही तितक्याच स्पष्टपणे ठेवायला हवी.

पैशापेक्षा व्यापक रोग अनास्थेचा आहे. ३० नोव्हेंबर २००९ रोजी ज्यांचे प्रश्न पत्रिकेवर लागले होते त्यांतले बहुतेक सदस्य जागेवरच नव्हते आणि लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास वेळेआधीच आटोपावा लागला. गोंधळाने बुडालेल्या तासांची तर गणती नाही. आज विरोधक फलक घेऊन हौद्यात उतरतात तेव्हा त्यांना दोष देणे योग्यच. पण २०१० चे हिवाळी अधिवेशन टूजी प्रकरणावरून जवळजवळ संपूर्ण वाहून गेले, तेव्हा पुढाकार भाजपचा होता. ती मागणी रास्त असली, तरी त्या अधिवेशनात मागच्या बाकांवरच्या शेकडो सदस्यांचे प्रश्न मंत्र्यांच्या तोंडी उत्तरावाचून राहिले.

२०१४ नंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. विचाराचे सरकार आले, याचा आनंद पिढ्यान् पिढ्या खस्ता खाल्लेल्या कार्यकर्त्याला असणारच. त्या आनंदातून एक समज मात्र नकळत रुजतो आहे: सत्ताधारी बाकावरून अवघड प्रश्न विचारणे म्हणजे सरकारशी वैर धरणे. मग सदस्य उभा राहतो तो मंत्र्याचे अभिनंदन करण्यासाठी, आणि प्रश्न विचारतो तो योजनेचे यश मंत्र्याला सांगता यावे म्हणून. नाशिक, नगरच्या कांदा उत्पादकाने याची किंमत पाहिली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उघडली तीही शुल्कासह. शहरी ग्राहकाला दिलासा देण्याचा हेतू चुकीचा नव्हता. पण लासलगावच्या बाजारसमितीत भाव कोसळल्यावर शेतकरी काय म्हणतो, हे मंत्रालयाला आकड्यांतून कळत नाही. ते सांगण्यासाठीच तर त्या भागातून माणूस पाठवलेला असतो. २०२४ च्या निवडणुकीत दिंडोरी, नाशिक, नगर, शिर्डी या चारही जागा सत्ताधारी आघाडीच्या हातून गेल्या. त्यामागे कारणे अनेक होती, तरी कांद्याचे नाव त्यांत कोणीही वगळले नाही. घरच्याच माणसाने सभागृहात वेळीच आग्रहाने आणि पुन्हापुन्हा सांगितलेले कडू बोल सरकारच्या पथ्यावरच पडतात.

दोष एकट्या सदस्यावर टाकणेही अन्यायाचे होईल. खासदाराने लग्नाला यावे, बाराव्याला यावे, गटाराचे झाकण बसवून द्यावे, अशी अपेक्षा मतदारच करतो. १९९३ साली खासदार निधीची योजना आली. सुरुवातीला पाच लाखांची असलेली ही रक्कम २०११ पासून वर्षाला पाच कोटी झाली. समाजमंदिरे, हातपंप, बसथांबे झाले, त्यांवर नावाच्या पाट्या लागल्या. हातपंपावरची पाटी दिसते, प्रश्न दिसत नाही. उमेदवारी देताना पक्षही सदस्याने किती प्रश्न विचारले हे पाहतो असे ऐकिवात नाही.

वास्तविक प्रश्नाचे खरे काम उत्तरानंतर सुरू होते. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे मंत्र्याने सांगितले, की ते वाक्य संसदीय भाषेत आश्वासन ठरते आणि शासकीय आश्वासनविषयक समिती त्याचा पाठपुरावा करते. ते तीन महिन्यांत पुरे करावे, अशी अपेक्षा असते. नियम ३७७ खालील निवेदनाचे उत्तर मंत्र्याने महिन्याभरात सदस्याला लेखी पाठवावे, असा संकेत आहे. ही उत्तरे सदस्याच्या दिल्लीतील निवासस्थानी पोहोचतात आणि बहुतेक वेळा तेथेच राहतात. ज्या गावाच्या फाटकासाठी प्रश्न विचारला, त्या गावाला उत्तर आले की नाही याचा पत्ताही नसतो. रामभाऊंच्या अहवालात ते गावापर्यंत जात होते. आज तर लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रत्येक सदस्याचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे नावानिशी पाहायला मिळतात. पुढच्या वेळी खासदार तालुक्याला येतील, तेव्हा हार घेऊन उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्याने त्या यादीतले एखादे उत्तर छापून सोबत नेले आणि त्यातल्या तारखेचे पुढे काय झाले असे विचारले, तर त्याला कोणी विरोधक म्हणण्याचे कारण नाही.