कंबर कसताना

आपल्या मराठी भाषेनं कंबरेला फार राबवलं आहे. कामाला लागायचं तर कंबर कसायची, हिंमत हरली की कंबर खचायची, आणि महागाई वाढली की गरिबाचं कंबरडं मोडायचं. गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, मी वर्गात हे वाक्प्रचार मोठ्या रंगात येऊन समजावून देत होतो. मुलं हसली, तास संपला, मी स्टाफरूममध्ये आलो आणि धुळ्याहून दादाचा फोन आला. "आईची कंबर धरलीय. पाऊल टाकता येत नाही. येतोस का?"

संध्याकाळच्या एस. टी.नं निघालो. एरंडोल, पारोळा करीत गाडी धुळ्याला पोचली तेव्हा माझीही कंबर बोलायला लागली होती. पण आईला पाहिलं आणि तिचं बोलणं मी बंद केलं. आई त्र्याहत्तर वर्षांची. जुन्या धुळ्यातल्या घरात दादा-वहिनींजवळ राहते. कॉटखालचा तिळाचा डबा ओढायला वाकली आणि डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत अशी कळ गेली की डबा तिथेच आणि आईही तिथेच. "नुसती कंबर नाही रे," ती म्हणाली. "मांडीच्या मागून कुणी नांगर धरल्यासारखं खाली जातं. अंगठ्याला मुंग्या येतात."

आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. शब्दांचा नाद असलेल्या मला एरवी या नावाचं कौतुक वाटलं असतं. पण आपलीच आई भिंतीला धरून एक पाय उचलीत, एक फरफटवीत न्हाणीघराकडे जाताना पाहिली म्हणजे व्युत्पत्तीची हौस फिटते. हल्लीचं नाव सायटिका. कंबरेच्या खालच्या मणक्यांतून निघालेल्या शिरा एकत्र येऊन आपल्या शरीरातली सर्वांत जाड नस तयार होते, बोटाएवढी जाड. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागून खाली उतरते. तिच्या मुळाशी दाब आला की दुखणं कंबरेत आणि बोंब पायात.

डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला, गोळ्या दिल्या आणि दोन-तीन दिवस विश्रांती घ्यायला सांगितली. इथून पुढची चूक आमची, आणि मुख्यतः माझी. दोन-तीन दिवसांचे आम्ही सहा आठवडे केले. आईवर प्रेम करायची एवढी सोपी संधी पुन्हा कुठे मिळायची? चहा कॉटवर, जेवण कॉटवर, पोथीसुद्धा कॉटवर. दर शनिवारी मी जळगावहून केळी घेऊन जायचो आणि ती उठू लागली की ओरडायचो, "आई, पडून राहा!" नारायण तेल झालं, विटेचा शेक झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. शेजारच्या काकांना पूर्वी हेच दुखणं होऊन गेलेलं. ते भुजंगासनानं बरे झाले होते. त्यांनी भर दुपारी येऊन आईला पालथं झोपवून छाती उचलायला लावली. त्या रात्री आई झोपली नाही.

कळ हळूहळू कमी झाली हे खरं, पण आईही तेवढीच कमी झाली. फेब्रुवारीच्या शेवटी तिला कॉटवरून उठवायला दादा एका बाजूनं आणि वहिनी दुसऱ्या बाजूनं, असं व्हायला लागलं. दूधवाली बाई दारातूनच हळहळायची, "काय व्हयनं माय तुले?" एका शनिवारी मी तिला उठवायला हात पुढे केला, तर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता दोघं लागतात. उद्या चौघं लागतील."

त्या रात्री मी नुसता पडून होतो. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा मग वाचायला लागलो. जे वाचलं ते माझ्या विरुद्धच होतं. हॉलंडमधल्या डॉक्टरांनी सायटिकाच्या १८३ रोग्यांवर एक प्रयोग केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना दोन आठवडे अंथरुणावर ठेवलं, बाकीच्यांना झेपेल तेवढं हिंडूफिरू दिलं. बारा आठवड्यांनी पाहिलं तर दोन्हीकडे सारखेच, शंभरांतले सत्त्याऐंशी सुधारलेले. म्हणजे अंथरुणानं काही मिळवून दिलं नव्हतं. आणि म्हातारपणी ते काय हिरावून नेतं, याचा हिशेब अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झाला आहे. धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं. दहा दिवसांत! मी बेचाळीस दिवस केळी पुरवीत होतो.

मग आली फिजिओथेरपी शिकलेली एक मुलगी. तिशीचीही नसेल. आल्या आल्या तिनं फोटो पाहिला नाही, आईजवळ खुर्ची ओढून विचारलं, "आजी, हे व्हायच्या आधी तुम्ही देवळात चालत जायच्या ना? वाटेत कुठे थांबायच्या?"

आई चपापली. एकविरादेवीला जायचं म्हणजे पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात जायचं. "पुलावर थांबायचे," आई म्हणाली. "कठड्यावर कोपरं टेकून वाकून उभं राहिलं की पाय मोकळा व्हायचा. लोकांना वाटायचं, म्हातारी नदी बघतेय." पांझरेत पाणी असो नसो, आई गेली दोन वर्षं नदी बघत होती आणि आम्हांला पत्ता नव्हता.

मुलगी हसली. तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. तरुणपणी बहुधा दोन मणक्यांमधली गादी सरकते आणि शिरेला टोचते. उतारवयात पुष्कळदा गोष्ट वेगळी असते. मणक्यांच्या आतून शिरा ज्या नळीतून जातात ती नळीच हाडं वाढून, स्नायुबंध जाड होऊन अरुंद होते. ताठ उभं राहिलं, चाललं, मागे वाकलं की ती आणखी आवळते. पुढे वाकलं, बसलं की थोडी मोकळी होते. म्हणून कठडा गोड वाटायचा आणि म्हणूनच काकांचं भुजंगासन आईला भोवलं. काकांचंही चुकलं नव्हतं. न्यूझीलंडमधले रॉबिन मॅकेंझी नावाचे व्यायामोपचारक १९५६ साली एका रोग्याला टेबलावर पालथं पडायला सांगून दुसरीकडे गेले. टेबलाची डोक्याकडची बाजू चुकून वर राहिली होती. परत येऊन पाहतात तो रोगी कमान झालेला, आणि म्हणतो, पायातली कळ गेली! त्यातून एक सबंध उपचारपद्धती निघाली. काका त्या रोग्याच्या गोत्रातले, आई दुसऱ्या गोत्रातली. दुखणं एकाच नावाचं म्हणून औषध एकच, हा हिशेब कंबरेला मान्य नाही.

आपल्या खानदेशात हे कळायला न्यूझीलंडपर्यंत जायलाही नको होतं. अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक शिक्षक होते. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे पुढे ते प्राचार्य झाले. तेच स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया करताना शरीरात नेमकं काय होतं ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी मोजायला घेतलं. आसनांवर त्यांची श्रद्धा होतीच, पण ती मोजून घ्यायची त्यांची तयारीही होती. आम्ही मात्र आसन शेजारून मागून आणतो, विरजण आणावं तसं.

आता व्यायाम. ते इतके साधे निघाले की पहिल्या दिवशी मला फसवल्यासारखं वाटलं. उताणं पडायचं, गुडघे वर, तळपाय टेकलेले. पोट हलकंच आत घेऊन कंबर गादीला दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायची. मग एकेक गुडघा हातांनी छातीकडे ओढायचा. आठवड्यानं त्याच स्थितीत कुल्ले उचलायचे, आधी चार बोटं, मग वीतभर. श्वास कोंडायचा नाही. मुलीनं सांगितलं, कंबर एकटी कधीच कसता येत नाही. पोट, कुल्ले आणि मांड्या मिळून तिला धरून ठेवतात. तंबूचा खांब दोऱ्यांवर उभा असतो, तसं.

पण खरा व्यायाम खुर्चीचा. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि सावकाश बसायचं. हे ऐकून आई रुसली. "या वयात मला उठाबशा? मी काय गृहपाठ केला नाही?" पहिल्या दिवशी एकही उठणं झालं नाही. मुलीनं खुर्चीवर दोन जाड उशा ठेवल्या, बैठक उंच केली, तेव्हा तीन झाली. दर आठ-दहा दिवसांनी उशी थोडी पातळ व्हायची. आम्हांला सक्त ताकीद होती की हात द्यायचा नाही. आई खुर्चीत अडून बसलेली, कपाळावर घाम, आणि आपण चार हातांवर हाताची घडी घालून उभं राहायचं, याइतकी कठीण शिक्षा मला आजवर कुणी दिलेली नाही. एकदा राहवेना म्हणून पुढे झालो, तर आईच म्हणाली, "तू सर बाहेर."

चालणं खांबांवर ठरलं. दारापासून विजेच्या खांबांचा हिशेब. कळ पोटरीत उतरायला लागली की थांबायचं, ओट्यावर टेकायचं, पाय मोकळा झाला की पुन्हा निघायचं. कळ सोसत रेटायचं नाही, आणि घाबरून परतायचंही नाही. मार्चमध्ये तीन खांब झाले. आखाजीला नऊ. त्या दिवशी खापरावरच्या पुरणपोळ्या वहिनींनी केल्या. आई स्टुलावर बसून सूचना देत होती आणि शेवटच्या दोन तिनं स्वतः हातांवर झुलवून खापरावर टाकल्या. जमिनीवर मांडी घालून बसणं मात्र सुटलं ते सुटलंच. जड डबे आता हाताशी येतील अशा फळीवर असतात. एका जूनच्या आठवड्यात दुखणं उलटलं, खांब नवावरून चारावर आले, आणि आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच उशी आणून खुर्चीवर ठेवली.

तुमच्या घरात कुणाला असं दुखणं असेल तर माझं ऐकून आईचे व्यायाम उचलू नका. मी काकांच्या जागी उभा राहू इच्छीत नाही. आधी तपासून घ्या. आणि लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा पाऊल लुळं पडून चप्पल निसटायला लागली, तर व्यायाम, शेक, तेल सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठा. तिथे तास मोजले जातात.

आईची नळी रुंद झालेली नाही, ती होणारही नाही. तिच्याभोवतीचं माणूस तेवढं बळकट झालं आहे. नवरात्रात ती देवीला रिक्षानं गेली आणि येताना पूल चालत आली. कठड्याशी दोनदा नदी बघितली. देऊळ दारापासून बाविसाव्या खांबाजवळ आहे, आणि तिथवर पायी जायचं तिच्या मनात आहे.

हे लिहीत असतानाच धुळ्याहून फोन आला. हल्ली तो दादाचा नसतो.

"आज सतरा," आई म्हणाली.

"दुखलं का?"

"सोळाव्याला दुखलं."