टॉवर उभा राहील, यादीत आपले नाव आहे का?



ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या माणसांचा तो आनंद रास्तच होता. पण चाळीतल्या भाडेकरूची सरकारदप्तरी नोंद असते. झोपडपट्टीतल्या माणसाला मात्र आपण इथे राहतो हे आधी सिद्ध करावे लागते. म्हणून घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरापासून गोवंडीपर्यंत आयाबाया एकच विचारतात, "आम्हाला इथेच घर मिळेल ना?"

मिळेल, पण कागद पक्का हवा.

झोपडपट्टी पुनर्वसनात सर्वांत मोठा कागद म्हणजे परिशिष्ट-2. कोण पात्र, कोण अपात्र, ते या यादीत ठरते. 1 जानेवारी 2000 पर्यंतच्या झोपडीधारकाला 300 चौरस फुटांचे घर मोफत मिळते. त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यांना अडीच लाख रुपये भरून. जुन्या मतदार यादीतले नाव, वीजबिल, फोटोपास, रेशनकार्ड हे सगळे एका पिशवीत घालून ती पत्र्याच्या पेटीत ठेवा. पावसाळ्यात आपल्या घरात काय काय भिजते हे सांगायला नकोच!

नुसता पुरावा असूनही भागत नाही, प्रत्यक्ष राहणेही दिसावे लागते. सर्वेक्षणाचे लोक येतात तेव्हा म्हातारी आजारपणासाठी गावी गेलेली असते, दाराला कुलूप दिसते आणि तशीच नोंद होते. अशा वेळी शेजाऱ्यांनी गप्प बसू नये. तिला निरोप धाडावा, दवाखान्याचे कागद जोडून अर्ज द्यायला मदत करावी. नाव अपात्र ठरले तरी अपील करता येते, पण मुदतीच्या आत. आमच्या पाहण्यात मुदत हुकते ती बहुधा एकट्या बाईची. तिला वाचून दाखवणारे कोणी नसते आणि गल्लीतला दलाल म्हणतो, "मावशी, सही करा, मी बघतो." कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका. सोसायटीच्या कमिटीवर आपलेच लोक असतील तरीही कागद वाचूनच सही करा. आपल्यातल्याच दोघाचौघांनी बिल्डरचा चहा पिऊन वस्ती विकल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आता भगिनींसाठी खास. नियमाप्रमाणे पुनर्वसनाचे घर पती-पत्नी दोघांच्या संयुक्त मालकीचे असते आणि सोसायटीच्या भाग दाखल्यावरही दोघांची नावे लागतात. किती जणींनी तो दाखला डोळ्यांनी पाहिला आहे? ज्या घरात दारू शिरली आहे तिथे हे एक नावच मुलांच्या डोक्यावरचे छप्पर वाचवते. विधवा भगिनींनी वारसाची नोंद यादी होण्याआधीच करून घ्यावी. दीर-भावजयीचे भांडण यादी लागल्यावर सुरू झाले तर त्याला अंत नसतो.

घर मिळाले की दुसरी परीक्षा सुरू होते. झोपडीत लिफ्ट नव्हती, पंपाचे बिल नव्हते. टॉवरमध्ये महिन्याची वर्गणी येते, दोन-चार महिने थकते आणि मग घर भाड्याने देऊन माणसे दूर कुठेतरी राहायला जातात. ठरावीक वर्षे घर विकता येत नाही, तरी कुलमुखत्यारपत्रावर गुपचूप सौदे होतात आणि नंतर कुटुंब धड इथले राहत नाही, ना तिथले. देखभालीसाठी विकासकाने घरामागे रक्कम जमा करायची असते. 2018 च्या नियमावलीत ती 40 हजार रुपये ठेवली होती. ती जमा झाली का, व्याज कुठे जाते, हे सर्वसाधारण सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि रोजगाराचे काय? ओट्यावर बसून पोळ्या लाटणारी, शिवण करणारी बाई बाराव्या मजल्यावर गेली की तिचे गिऱ्हाईक तुटते. त्याच नियमावलीत बालवाडी, कौशल्य विकास केंद्र, महिला उद्योजकता केंद्र, वाचनालय अशा सोयींसाठी जागेची तरतूद आहे. नकाशा मंजूर होण्यापूर्वीच ही जागा तळमजल्यावर मागा, लेखी मागा, दहा-वीस बायकांच्या सह्यांनिशी मागा. इमारत झाल्यावर विचारायला गेलात तर त्या खोलीत बिल्डरचा रंग आणि सिमेंटच्या गोण्या असतील, आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणीच सांगणार नाही.