घराला बॅटरी, गावाला जनरेटर



संध्याकाळचे सात वाजले आहेत. तुम्ही गणिताचे पुस्तक उघडून बसला आहात, स्वयंपाकघरात कणीक मळणे चालू आहे, आणि एकदम दिवे जातात. पंख्याची पाती हळूहळू थांबतात. क्षणभर सगळे गप्प होतात आणि मग घरातले कोणीतरी हमखास म्हणते, "आता एक जनरेटरच घेऊन टाकला पाहिजे!"

हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती घरांत किती वेळा उच्चारले गेले असेल, त्याची गणती नाही. २००५ सालानंतरची काही वर्षे ग्रामीण भागाने दिवसाकाठी दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील काही गावांत पडलेले खांब उभे राहून पुन्हा दिवे लागायला कित्येक आठवडे गेले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, जिथे वीज सहसा जात नाही त्या मुंबईतही लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. तेव्हा जनरेटरचा विचार मनात येणे अगदी साहजिक आहे.

माझे म्हणणे एवढेच, की दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. तसे बसलात तर दोन गोष्टी ध्यानात येतील. बहुतेक घरांना जनरेटरची गरज नसते, ही पहिली. आणि ज्या कामांना तो खरोखर लागतो, त्यांतली बरीचशी कामे एका घराची नसून साऱ्या वाडीची असतात, ही दुसरी.

आमच्या आळीतील एका गृहस्थांनी पेन्सिल न उचलता थेट दुकान गाठले. "मोठाच घ्या, पुढे उपयोगी पडेल," असा सल्ला मिळाला आणि पाच केव्हीएचे पेट्रोलवर चालणारे यंत्र घरी आले. वीज गेली की ते धडधडू लागे. त्यावर चालत काय, तर चार दिवे आणि दोन पंखे. जिन्याखाली पेट्रोलचा डबा ठेवलेला. आवाज आणि धूर नको म्हणून शेजारची दहावीतली मुलगी ऐन उकाड्यात खिडकी लावून अभ्यास करी. पुढच्या वर्षी पहिल्याच वादळी रात्री यंत्राने सुरू व्हायचे साफ नाकारले. टाकीत महिनोन् महिने पडून राहिलेले पेट्रोल चिकट झाले होते आणि कार्ब्युरेटर तुंबला होता.

आता आपण पेन्सिल उचलू. प्रत्येक उपकरणावर त्याची शक्ती वॅटमध्ये लिहिलेली असते. चार एलईडी दिवे, प्रत्येकी ९ वॅट, म्हणजे ३६. दोन साधे पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, म्हणजे १५०. मोबाईल चार्ज करण्यास आणि इंटरनेटच्या खोक्यास मिळून २४ धरा. बेरीज २१० वॅट. वीज चार तास गेली असे समजा. २१० गुणिले ४ म्हणजे ८४० वॅट-तास. हजार वॅट-तासांचा एक युनिट होतो, हे तुम्ही शिकला आहातच. म्हणजे संध्याकाळच्या अंधाराची आपली सारी गरज एका युनिटाच्याही आत भागते.

तुम्ही म्हणाल, इस्त्री, गिझर आणि मिक्सर राहिलेच की! इस्त्रीला सुमारे १००० वॅट लागतात आणि गिझरला २०००. पण चार तास इस्त्री झाली नाही, तर काय बिघडते? फ्रिजचे काय, असेही कोणी विचारील. फ्रिजचे दार उघडले नाही, तर आतले पदार्थ सुमारे चार तास पुरेसे गार राहतात. त्याला त्या वेळी वीज नको असते, घरातल्या मंडळींचा थोडा संयम हवा असतो. यादीतले आवश्यक काय आणि सवयीचे काय, हे वेगळे करणे हाच या गणितातला अवघड भाग आहे. गुणाकार सोपा आहे.

आता हा एक युनिट कोठून आणावा ते पाहू. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले, की चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांच्या सापेक्ष हलले की तारेत वीज उत्पन्न होते. घरगुती जनरेटरही हेच करतो. आपल्याकडील विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने असते. त्यासाठी दोन ध्रुवांच्या साध्या यंत्राला मिनिटाला ३००० फेरे घ्यावे लागतात. मग त्यावर एक दिवा असो की वीस, फेरे तेवढेच. इंजिनाचे घर्षण, त्याची उष्णता आणि आवाज यांवर होणारा खर्च दिव्यांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाही. रिकामी बस चालविण्यासारखा हा प्रकार आहे.

आमच्या शेजाऱ्यांचे मोठे यंत्र बाजूला ठेवू. दोन किलोवॅटचा लहान जनरेटर घेतला तरी २१० वॅटच्या भारावर चार तासांत सुमारे दीड लिटर पेट्रोल जळते. एक लिटर पेट्रोलात जवळजवळ ९ युनिट उष्णता असते. म्हणजे साडेतेरा युनिट जाळून आपण एक युनिटसुद्धा वापरला नाही. सोळा भागांतला एक भाग दिव्यांना आणि पंख्यांना, बाकीचे पंधरा भाग हवेला. २०२४ साली महाराष्ट्रात पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर होते. तेव्हा त्या एका संध्याकाळीचा खर्च दीडशेच्या वर गेला.

बॅटरीचे गणितही तितक्याच प्रामाणिकपणे मांडू. १८५९ साली गास्तों प्लाँते यांनी शोधलेला शिसे-आम्ल घटच सुधारलेल्या रूपात आजही अनेक घरांत इन्व्हर्टरखाली बसलेला असतो. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास असे त्यावर लिहिलेले असेल, तर गुणाकार १८०० वॅट-तास येतो. पण तो पुरता रिकामा केला तर लवकर निकामी होतो, आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज खर्ची पडते. म्हणून हजारएक वॅट-तास हाती येतील असे धरावे. आपली गरज ८४० होती. काम झाले! घट पुन्हा भरताना तूट धरून सुमारे सव्वा-दीड युनिट वीज लागेल. दहा रुपये युनिट धरले तरी ती पंधरा रुपयांच्या आत. धूर नाही आणि आवाजही नाही.

येथे बॅटरीचे दोषही सांगितले पाहिजेत. ती काही वर्षांनी बदलावी लागते आणि तो खर्च लहान नसतो. तिच्यातले शिसे विषारी आहे, म्हणून जुनी बॅटरी भंगारात न फेकता विक्रेत्याला परत द्यावी. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा ती हवेशीर जागी हवी. आणि सर्वांत मोठी मर्यादा ही, की वीज कित्येक दिवस आलीच नाही, तर ती भरायची कशाने? हा प्रश्न मनात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

त्याआधी दोन धोके. ते सांगितल्याशिवाय जनरेटरविषयी लिहिणे मला गैर वाटते.

पहिला धोका धुरातला. इंजिनात इंधन जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे चिकटतो आणि ऑक्सिजनला जागाच ठेवत नाही. डोके दुखते, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात लॉरा नावाचे चक्रीवादळ आले. वाऱ्यातून वाचलेली कित्येक माणसे नंतर घरच्याच जनरेटरच्या धुराने दगावली. पावसात भिजू नये किंवा चोरीला जाऊ नये म्हणून लोक यंत्र पडवीत, जिन्याखाली, बंद गॅरेजमध्ये ठेवतात. ते कधीही करू नये. यंत्र उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून निदान सहा मीटर दूर आणि धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला हवे. आता तुमच्या चाळीत किंवा फ्लॅटमध्ये सहा मीटरची मोकळी जागा कोठे आहे, ते तुम्हीच पहा. नसेल, तर निवडीचा प्रश्न तेथेच मिटला.

दुसरा धोका तारेतला. काही जण जनरेटरची वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसतात. मग ती वीज घरापुरती न राहता मीटरमधून बाहेर, खांबावरच्या तारेत जाते. गावात ज्याला आपण डीपी म्हणतो, त्या ट्रान्सफॉर्मरचे काम ११,००० व्होल्टचा दाब घरगुती दाबापर्यंत उतरविण्याचे. वीज उलट्या दिशेने आली, तर तोच ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे पुन्हा हजारो व्होल्ट करतो. लाइन बंद आहे अशा भरवशावर एखादा वायरमन भर पावसात तुमच्यासाठीच खांबावर चढलेला असतो. त्याच्या हातात ती तार असते. म्हणून घर एका वेळी एकाच बाजूला जोडणारा चेंजओव्हर स्विच माहीतगार इलेक्ट्रिशियनकडून बसविल्याशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला लावू नये. छतावरील साधी सौर यंत्रणा ऊन असूनही वीज गेली की बंद पडते, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. तो दोष नाही. त्याच वायरमनचा जीव वाचविण्यासाठी ती तशी बनविलेली असते.

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. निसर्ग वादळानंतर झाले तसे आठवडेच्या आठवडे वीज आली नाही, तर? अशा वेळी जनरेटर हवा, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण कोणत्या कामासाठी? अंधारापेक्षा तेव्हा पाण्याची टंचाई जास्त जाचते. एक अश्वशक्तीचा पंप विहिरीचे पाणी पंधरा मीटर उंच टाकीत चढवीत असेल, तर तासाभरात सहाएक हजार लिटर पाणी देईल. तीस घरांना प्रत्येकी दोनशे लिटर! त्यासाठी एक-दीड लिटर पेट्रोल जळाले तरी ते सार्थकी लागले. येथे यंत्र जवळजवळ रिकामे धावत नाही, भरल्या भाराने काम करते.

मात्र पंपासाठी यंत्र निवडताना एक गोम आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा एक किलोवॅटचा जनरेटर पुरेल असे वाटते. पण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. लहान जनरेटर तेथेच घुसमटून बंद पडतो. म्हणून त्या पंपाला तीन केव्हीएच्या आसपासचा जनरेटर घ्यावा लागतो. केव्हीए आणि किलोवॅट एकच नव्हेत, हेही लक्षात असू द्या. शक्तिगुणक ०.८ असेल, तर तीन केव्हीएचे २.४ किलोवॅटच होतात.

असे एक यंत्र वाडीने मिळून घ्यावे. ते ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या ताब्यात, घरांपासून दूर, उघड्या शेडमध्ये असावे. महिन्यातून एकदा ते भार देऊन चालवून पाहावे, म्हणजे ऐन वेळी रुसणार नाही. त्याच्यावर पाणी चढवावे, आणि ते चालू असतानाच घरोघरच्या बॅटऱ्या व मोबाईल आळीपाळीने भरून घ्यावेत. तीस घरांनी तीस यंत्रे घेण्याऐवजी हे स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि शेजारधर्माला धरून आहे.

याला एक अपवाद आहे. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला रुग्ण असेल, तर सुमारे ३५० वॅट अखंड लागतात. आठ तासांचे २८०० वॅट-तास होतात, आणि आपली एक बॅटरी तीन तासही पुरणार नाही. अशा घराने जास्त बॅटऱ्या, जनरेटर आणि भरलेला ऑक्सिजनचा सिलिंडर या तिन्हींचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच करून ठेवावा. अशा घराची सोय प्रथम लावणे, हे त्या सामायिक यंत्राचेही पहिले काम असावे.

अजून एक गोष्ट मला बोचते. ज्याच्या अंगणात जनरेटर आहे, तो वीज कचेरीत तक्रार द्यायला जात नाही. गावातली बोलकी, वजनदार माणसे आपापल्या यंत्राच्या उजेडात बसली, की अंधारात राहणाऱ्यांच्या वतीने बोलणारा उरत नाही. डीपी दुरुस्त व्हावा, तारांवरच्या फांद्या पावसाळ्यापूर्वी तोडल्या जाव्यात, यासाठी सगळ्यांनाच थोडी झळ लागलेली बरी.

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या तासाला मुलांना घरातील उपकरणांवरचे वॅट लिहून आणायला सांगा आणि 'चार तास वीज नाही' असे गृहीत धरून प्रत्येकाच्या घराचे गणित फळ्यावर सोडवा. त्यात साध्या पंख्यांऐवजी तीस वॅटचे बीएलडीसी पंखे धरून पाहा. २१० वॅटची बेरीज १२० वर येईल, आणि तीच बॅटरी चार तासांऐवजी आठ तास पुरेल.

आणि मित्रहो, पुढच्या वेळी अंधारात कोणी म्हणाले, "जनरेटरच घेऊन टाकू," तर वाद घालू नका. मेणबत्ती लावा, कागद पुढे सरकवा आणि विचारा, "आपल्याला नेमके किती वॅट लागतात?"